शनिवारी बंद सोड्याचं दुकान

"इली! गाडी इली!"

एस.टी. स्टँडच्या कठड्यावर चढून बसलेला गुरुदास ओरडला आणि धपकन उडी मारून धुळीतून पळत सुटला. त्याच्यामागे सुगंधा धावली, तिच्यामागे मुंबईहून आलेला डॅनी. आणि सगळ्यांत शेवटी, चालत, सिपोरा.

कट्टा गावावरून आलेली गाडी खडखडत थांबली. आधी उतरली कोंबड्यांची डाली घेतलेली एक बाई. मग आंब्याच्या पेट्या. मग एक आजोबा, त्यांची छत्री आणि छत्रीत अडकलेला कंडक्टर!

"बुटके, चष्मेवाले आणि फार बोलणारे!" डॅनीने पुन्हा एकदा उजळणी केली. "शिमशोन काकांनी सांगितलंय, बेंजामिन मास्तर दुरूनसुद्धा ऐकू येतात!"

गाडी रिकामी झाली. बुटकं, चष्मेवालं कोणी उतरलं नाही. गुरुदासने कंडक्टरला गाठलं.

"काका, जामसंड्याचे बेंजामिन पोस्टमास्तर इले नाय?"

"बेंजामिन मास्तर?" कंडक्टर हसायलाच लागला. "अरे झिला, तेंची बदली होवन किती दिस झाले! दिवाळीतच बेळगावाक गेले ते!"

डॅनीने कपाळावर हात मारला. "म्हणजे काकांनी कळवलंच नाही? आणि आम्हाला दोन दिवस सांगतायत, दहावा माणूस येतोय, येतोय!"

"असा कसा करतत तुमचे काका?" सुगंधाने कंबरेवर हात ठेवले. "मोठी माणसां आणि हिशोब नाय धड!"

सिपोराला राग यायला हवा होता, हे तिला कळत होतं. पण एका कुशीवर झोपल्यावर हात बधिर होतो ना, चिमटा काढला तरी दुसऱ्याचा हात असल्यासारखा वाटतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. गेल्या मे महिन्यात आई तापाने गेली, तेव्हापासून.

सिपोरा वाकरूळकर बारा वर्षांची होती. तिचे बाबा मालवणच्या कस्टम कचेरीत इन्स्पेक्टर होते. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन ते इथे आले, तेव्हा शाळेत सगळ्यांना तिच्या नावाचं मोठं कोडं पडलं होतं. कोणी म्हणे ही किरिस्तांव, कोणी म्हणे मुसलमान. "आम्ही बेने इस्राएल. यहुदी," असं तिने सांगितल्यावर वर्गात कोणालाच काही कळलं नव्हतं. सुगंधाने तेवढं विचारलं होतं, "मग तुमी मासे खातास मा?" सिपोराने 'हो' म्हटल्यावर तिने हिला आपल्या बाकावर बसवून घेतलं. तेव्हापासून दोघी एकाच बाकावर, आणि सुगंधाचा धाकटा भाऊ गुरुदास कायम त्यांच्या मागे.

मालवणात यहुद्यांचं दुसरं घर नव्हतं. आई गेली तेव्हा सुगंधाच्या आजोबांनी आपल्या काजूच्या बागेतली एक कोपऱ्यातली जागा दिली आणि बाबांनी तिथे आईला पुरलं. पण कद्दीश म्हणता आला नाही. कद्दीश म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, आणि ती म्हणायला दहा यहुदी पुरुष जमावे लागतात. त्या दिवशी बाबा एकटे होते.

आता वर्ष झालं होतं. शिमशोन काकांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाने, मुंबईच्या जमातीत घोषणा केली होती, "सुट्टीत मालवणला चला! मुलांना प्रार्थना शिकवू, आपल्या गोष्टी सांगू, मलिदा करू आणि मिलकासाठी कद्दीशही म्हणू!" गुरुवारी आगबोटीने पंचवीसएक माणसं उतरली. समुद्राकाठच्या शाळेच्या इमारतीत मुक्काम पडला. पुरुष मोजले तर बाबांना धरून नऊ.

"दहावा जामसंड्याहून येतोय!" काका म्हणाले होते.

"सिपू, ऐकतेस ना?" डॅनी तिच्यापुढे उभा होता. तो तिच्या धाकट्या काकांचा मुलगा. "चेहरा असा काय केलायस? चला, सोडा पिऊ! माझं डोकं सोड्याशिवाय चालत नाही."

"तां सोड्यान पण चलाचा नाय!" गुरुदास म्हणाला आणि पळाला.

बाजाराच्या टोकाला हसाजीचं सोड्याचं दुकान होतं. पुढे लोखंडी चाकाचं मशीन, मागे घर. हसाजी पन्नाशी उलटलेला, उंच, वाकलेला माणूस. नाव हसाजी, पण त्याला हसताना अख्ख्या मालवणात कोणी पाहिलं नव्हतं. मुलं पोचली तेव्हा तो फळ्या लावायच्या घाईत होता.

"हसाजीकाका, चार सोडे!"

"बेगीन पिया," त्याने खटाखट गोट्या दाबल्या. फस्‌स्‌! फस्‌स्‌! "माका दुकान बंद करूचा आसा."

"आत्ताच? शुक्रवारी? अजून ऊन आहे!" डॅनी म्हणाला.

"म्हणानच. आता आयतवारी येवा."

बाटल्या रिकाम्या होताच त्याने शेवटची फळी लावली. मुलं रस्त्यावर आली.

"शनिवारी बंद? सुट्टीच्या दिवसांत? सोड्याचं दुकान?" डॅनीने ढेकर दिली. "असा धंदा मुंबईत केला तर दिवाळं निघेल!"

"शनवारी तेंचा दुकान कधीच उघडा नसता," सुगंधा म्हणाली. "म्हणतत, मशीन धुवचा आसता."

"दर शनिवारी? अख्खा दिवस? काय हत्ती आहे का तो?"

सगळे हसले. सिपोराही हसली, कारण सगळे हसत होते.

* * *

"बदली झाली? अरेच्चा! मला कोणी बोललंच नाही!" संध्याकाळी शिमशोन काकांनी हात झटकले. "जाऊ दे रूबेन, मुंबईला गेल्यावर आपल्या मशिदीत म्हणू कद्दीश. देवाला काय, इथून काय नि तिथून काय, ऐकू येतंच!" मशीद म्हणजे त्यांचं यहुदी प्रार्थनाघर.

बाबांनी मान हलवली. वर्षभरात बाबाही कमीच बोलत. जेवताना घरात दोन ताटांचा आवाज तेवढा यायचा.

"मला धरा ना!" डॅनी पुढे झाला. "मला तेरावं लागेलच दोन महिन्यांत!"

"तेरा पूर्ण झाले की धरू हं," दाऊद आजोबा हसून म्हणाले. ते सगळ्यांत वडील. प्रार्थना तेच सांगायचे.

"आणि मला?" सिपोराने विचारलं.

आजोबांनी तिच्याकडे नीट बघितलं. ते खोटं बोलणारे नव्हते. "आपल्याकडे बायकांना यात मोजत नाहीत, बाळ."

"बरं," सिपोरा म्हणाली आणि सतरंज्या घालायला गेली.

शनिवारी सकाळची प्रार्थना झाली आणि आजोबांनी मुलांना व्हरांड्यात गोळा केलं. सुगंधा आणि गुरुदास आधीच येऊन पुढे बसले होते.

"फार जुनी गोष्ट," आजोबांनी सुरुवात केली. "आपल्या वाडवडिलांचं जहाज कुलाब्याजवळ, नौगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पुस्तकं बुडाली. भाषा बोलायला माणसं उरली नाहीत, म्हणून भाषाही गेली. गावकऱ्यांनी आसरा दिला, ते तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले. हळूहळू प्रार्थनासुद्धा विसरले."

"सगळ्या?" डॅनीने विचारलं.

"एक सोडून. 'शेमा इस्राएल', ऐक हे इस्राएला, देव एकच आहे. एवढी एक ओळ राहिली. आणि दोन गोष्टी राहिल्या. खवलं नसलेला मासा खायचा नाही..."

"म्हणजे कोळंबी नाय? कुर्ली नाय? मोरी नाय?" गुरुदासच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख पसरलं. "अरे देवा!"

आजोबांसकट सगळे खोखो हसले. "नाही रे बाबा! आणि दुसरी गोष्ट, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारभर काम करायचं नाही. घाणा बंद. लोक आम्हाला 'शनवार तेली' म्हणायचे. आम्ही कोण, हे आम्हालाच धड आठवत नव्हतं, पण शनिवारी घाणा थांबायचा."

सुगंधाने सिपोराला कोपर मारलं. सिपोराचं लक्ष नव्हतं. तिने पुन्हा जोरात मारलं.

"आणि नावं तरी कशी!" आजोबा रंगात आले होते. "मोशेचा झाला मुसाजी, शमुवेलचा सामाजी. माझ्या आजोबांचं नाव होतं एलोजी. आणि त्यांचा भाऊ यहेज्केल, त्याला गावात म्हणायचे..."

"काय?"

"हसाजी!"

गुरुदास ताडकन उठला. "हसाजी?"

"का रे? आवडलं का नाव?"

"नाय... होय... माका घराक जावचा आसा!" म्हणत त्याने सुगंधाचा हात ओढला, तिने सिपोराचा ओढला आणि डॅनी कोणी न ओढताच मागे आला.

शाळेमागे माडांच्या सावलीत चौघे टेकले.

"शनवार!" सुगंधाने दम खात एक बोट वर केलं. "नाव!" तिने दुसरं बोट वर केलं. "अगो सिपोरा, आपलो सोडेवालो तुमच्यातलो आसा!"

"घाई नको. पुरावा हवा!" डॅनीने पाठीमागे हात बांधले. "मासे! तो कुठले मासे खातो हे कळलं पाहिजे!"

"ता सोपा आसा," गुरुदास म्हणाला आणि खडकांकडे पळाला.

थोड्याच वेळात तो परत आला तेव्हा त्याच्या हातात माडाच्या दोरीला बांधलेल्या दोन जिवंत कुर्ल्या होत्या आणि त्यातली एक त्याच्या सदऱ्याला चावत होती. "चला! आवशीन धाडल्यान म्हणान सांगूया!"

हसाजीच्या परसात त्याची बायको शेवंती माडाच्या झावळ्या विणत बसली होती. कुर्ल्या बघून तिचा चेहरा खुलला आणि लगेच पडला.

"व्हर रे बाबा परत. माका कितीव आवडतत, पण ह्या घरात येणत नाय. तेंका चलणा नाय. मी माहेराक गेलंय काय खातंय."

"तेंका काय चलता मग?" गुरुदासने भोळेपणाने विचारलं.

"खवल्याचो मासो. दुसरा काय्येक नाय. सुरवातीक म्हणी मी, ह्यो कसलो नेम? आता विचारणंय नाय."

डॅनीने सुगंधाकडे पाहून भुवया उडवल्या. सिपोरा मात्र तिकडे बघत नव्हती. ती मागच्या दाराशी गेली होती. दाराच्या उजव्या चौकटीत, खांद्याच्या उंचीवर, बोटभर लांबीची एक अरुंद खाच कोरलेली होती. आत काहीच नव्हतं. चौकटीचा हिरवा रंग सगळीकडे जुनाट झाला होता. फक्त त्या खाचेपाशी रंग उडून लाकूड गुळगुळीत, चकचकीत झालं होतं, रोज कोणीतरी हात लावल्यासारखं.

सिपोराच्या घराच्या चौकटीवर तिथेच, त्याच उंचीवर मेझुझा होता, एक छोटी नळी, आत शेमा लिहिलेली. येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना लावायची. सवयीने तिचा हात वर गेला. तिने खाचेला बोटं लावली आणि ओठांना टेकवली.

मान वळवली तर आत अंधारात हसाजी बसला होता. तो तिच्याकडेच बघत होता. मग तो उठला, आला आणि त्याने तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. हळूच, आवाज न करता.

"घाबरला!" डॅनी आनंदाने ओरडला. "म्हणजे नक्की! चला काकांकडे!"

पण शिमशोन काका मोठी माणसं जमवून उद्या किल्ला बघायला होड्या किती लागतील, याच्या चर्चेत बुडाले होते. "मालवणात यहुदी? सोडेवाला? काहीतरीच! अरे, खवल्याचे मासे तर मांजरही खातं! उगीच गरीब माणसाच्या मागे लागू नका."

"पण काका, ती खाच..." सिपोरा म्हणाली.

"उंदराने कुरतडली असेल!"

सिपोराने बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "राहू दे, सिपू."

* * *

रविवारी सकाळी प्रार्थना झाली, कद्दीशाशिवाय. बायका मागच्या खोलीत मलिद्याचे पोहे भिजवत होत्या. शिमशोन काकांनी टाळी वाजवली.

"मंडळी! आगबोट दुपारी आहे! तोवर किल्ला उरकून घेऊ. होड्या तयार आहेत!"

पुरुष उठू लागले. सिपोरा दाराशी उभी होती. हे सगळे आता किल्ला बघतील, मग मलिदा खातील, मग बोटीत बसतील. आणि काजूच्या बागेत आई एकटी राहील. हे वाक्य तिच्या मनात अगदी सरळ, कोरडं उभं राहिलं. रडू आलं नाही. पण पाय आपोआप बाहेर वळले.

"सुगंधा, मी हसाजीकाकांना आणायला चाललेय. तोवर कोणाला जाऊ देऊ नका."

"नऊ मोठी माणसां? ती कशी अडवूची?" सुगंधाने डोळे मोठे केले.

गुरुदास व्हरांड्याच्या पायऱ्यांकडे बघत होता. आत सतरंज्या, म्हणून सगळ्यांनी बूट-चपला पायऱ्यांवर काढलेल्या. पायऱ्यांपुढे रस्त्यापर्यंत नुसती वाळू. वर मे महिन्याचं ऊन! त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"तू जा गो," तो म्हणाला. "ही जाणत नाय खंय!"

सिपोरा धावत सुटली. वर्षभरात ती पहिल्यांदाच धावत होती, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही.

दुकान उघडं होतं. हसाजी मशीनपाशी नुसताच बसला होता. तिने वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं, आणि तेच एका दमात, एकाच आवाजात सांगितलं.

"माझे बाबा धरून नऊ माणसं आहेत. दहावा नाही. दहावा नसला तर माझ्या आईसाठी कद्दीश होत नाही. आज सगळे बोटीने परत जाणार. तुम्ही चला."

हसाजीने तिला 'कसला कद्दीश' असं विचारलं नाही. तो मान खाली घालून बसला.

"मी तुमच्यातला राहिलो नाही, पोरी," तो म्हणाला. आज त्याचं बोलणं मालवणी नव्हतं, दाऊद आजोबांसारखं होतं. "पलटणीतून सुटलो, हिच्याशी लग्न केलं. घरी नेली तर बापाने उंबऱ्यावरूनच सांगितलं, तोंड दाखवू नकोस. तेव्हापासून इथेच. मला एका ओळीपलीकडे काही येतही नाही आता. कुठल्या तोंडाने उभा राहू त्यांच्यात?"

सिपोरा तशीच उभी राहिली.

"तुझ्या आईला नेलं त्या दिवशी मी गेलो होतो," तो हळू म्हणाला. "बागेच्या दगडी गडग्यापलीकडे उभा राहिलो. तुझा बाप एकटाच शेमा म्हणत होता. आत यायचं धाडस झालं नाही." त्याने वर पाहिलं. "तू तेव्हाही रडत नव्हतीस. आताही नाहीस. का गं?"

"येत नाही," सिपोरा म्हणाली.

आतून बांगड्या वाजल्या. शेवंती दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"इतकी वर्षां शनवारी दुकान बंद. मी काय बोललंय? कुर्ल्यो परत धाडलंय. काय बोललंय?" तिचा आवाज चढत गेला. "माझ्यासाठी तुमी घर सोडल्यात, ता माका सगळा ठावक आसा. पण आज ह्या चेडवाक नाय म्हणून धाडलात, तर मी तुमच्याशी उभ्या जन्मात बोलूची नाय! उठा! टोपी घाला!"

हसाजी उठला. त्याला टोपी सापडेना. शेवंतीनेच ती ट्रंकेतून काढून त्याच्या डोक्यावर बसवली.

इकडे शाळेत मोठाच गोंधळ उडाला होता!

"माझे बूट!"

"माझ्या चपला! नव्या कोऱ्या!"

"चोर! चोर!" शिमशोन काका ओरडले आणि तावातावाने वाळूत उतरले. दोन पावलं, तीन पावलं... "आई गं! आई गं!" उड्या मारत ते परत पायरीवर! मग त्यांनी पायांना टॉवेल गुंडाळले आणि पुन्हा निघाले. अर्ध्या वाटेत एक टॉवेल सुटला. काका एका पायावर नाचत मागे आले. व्हरांड्यातली मुलं हसून हसून लोळत होती.

थोड्या अंतरावर, माडाच्या सावलीत, एक होडी पालथी घातली होती. तिच्यावर सुगंधा पाय हलवत बसली होती.

"ए मुली! इथून कोणी चपला नेताना पाहिलंस?"

"पाह्यलंय मा!" सुगंधा म्हणाली. "एक कुत्रो होतो. मोठो!"

"नऊ जोड नेले एका कुत्र्याने?"

"दोन फेऱ्यो केल्यान!"

डॅनीने तोंडात रुमाल कोंबला. दाऊद आजोबा मात्र व्हरांड्यात शांत बसून होते. त्यांची नजर पालथ्या होडीखालून डोकावणाऱ्या एका बुटाच्या नाडीवर होती.

तेवढ्यात वाटेवर सिपोरा दिसली. तिच्यामागे हसाजी, त्याच्यामागे शेवंती. हसाजी पायऱ्यांशी येऊन थांबला. वर चढेना.

"हे हसाजीकाका," सिपोरा म्हणाली. "दहावे."

शिमशोन काकांनी टॉवेल खाली ठेवला. त्यांनी हसाजीकडे बघितलं, मग शेवंतीच्या कपाळावरच्या कुंकवाकडे. "म्हणजे खरंच?... पण दाऊदकाका, हा तर जमातीबाहेर लग्न करून... आपल्यात राहिलेला नाही. याला कसं धरायचं?"

हसाजी मागे वळला. सिपोराने त्याचा सदरा धरला. घट्ट.

"शिमशोन," दाऊद आजोबा म्हणाले, "आपल्याला दहा माणसं हवीत की दहा देवदूत? देवदूत असतील तर मग मीही घरी जातो." ते काठी टेकत पायऱ्यांपर्यंत आले. "नाव काय बाबा तुझं?"

"हसाजी."

"पाळण्यातलं?"

हसाजीचे ओठ हलले. "यहेज्केल. बापाचं नाव... अब्राहाम."

"यहेज्केल बेन अब्राहाम, वर ये. काय येतं तुला?"

हसाजीने उजवा हात डोळ्यांवर ठेवला. "शेमा इस्राएल..." तो अडखळला, थांबला, पुन्हा सुरू झाला आणि ओळ शेवटपर्यंत गेली. पुढे त्याला येत नव्हतं. तो हात डोळ्यांवरून काढेना.

"पुष्कळ झालं," आजोबा म्हणाले. "आपले वाडवडील एवढ्यावरच जगले."

पुरुष पुन्हा आत गेले. बाबा मध्ये उभे राहिले. वर्षभर घरात ऐकू न आलेला त्यांचा आवाज सिपोराला ऐकू आला, आधी बारीक, मग मोठा. "यिथगद्दल वयिथकद्दश..." बाकीचे नऊ जण 'आमेन' म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने शिमशोन काका. खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभे असलेले गुरुदास आणि सुगंधाही म्हणाले, "आमेन!" कोणी त्यांना गप्प केलं नाही.

मग आजोबांनी दिवंगतांची प्रार्थना म्हटली. नावाशी येऊन ते थांबले आणि त्यांनी बाबांकडे बघितलं नाही, दाराशी उभ्या सिपोराकडे बघितलं.

"आईचं नाव सांग, बाळ. मोठ्याने."

"मिलका," सिपोरा म्हणाली.

* * *

"आता," आजोबांनी कद्दीशानंतर काठी आपटली, "त्या कुत्र्याला बोलवा!"

गुरुदास, सुगंधा आणि डॅनी खाली माना घालून पुढे आले. होडीखालून नऊ जोड बाहेर निघाले. शिमशोन काकांनी आपला बूट उचलला, तो उलटा करून वाळू झाडली आणि गुरुदासचा कान धरला. सगळे श्वास रोखून बघत राहिले.

"मी एक माणूस आणू शकलो नाही," काका म्हणाले, "आणि तुम्ही नुसत्या चपला पळवून आणलात! मला आजपासून काही कळवायचं असलं की या कुत्र्यालाच धाडणार!" आणि कान सोडून त्यांनी त्याला चक्क मिठीच मारली!

"मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, पुरावा हवा!" डॅनीने छाती फुगवली.

"तू फक्त सोडो पिलंस!" सुगंधा म्हणाली.

"पोरांनो," दाऊद आजोबा म्हणाले, "मी तुम्हाला काल नुसती गोष्ट सांगितली. तुम्ही ती ऐकून उठलात आणि माणूस शोधून आणलात. इतकी वर्षं सांगतोय, असे ऐकणारे मला पहिल्यांदाच भेटले. शाबास!"

किल्ला बघायचा राहिला, त्याची कोणालाच आठवण झाली नाही. ताटांतून मलिदा आला, गुळचट पोहे, खोबरं, केळ्याच्या फोडी. बाबांनी पहिलं ताट हसाजीला दिलं आणि त्याच्याशेजारी बसले. दोघं फारसं बोलत नव्हते, पण बसले होते.

शेवंती आत आली नव्हती. ती बाहेरच्या पायरीवर टेकली होती. सिपोराने आपलं ताट उचललं आणि तिच्याजवळ जाऊन बसली. शेवंतीने एक घास खाल्ला, चवीने मान हलवली आणि समुद्राकडे बघत सहज विचारलं,

"तुझी आवस कशी होती गो?"

वर्षभरात हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. सगळे आई कशी गेली ते विचारायचे, किंवा काहीच विचारायचे नाहीत.

"उंच होती," सिपोरा म्हणाली. मग थांबली. "नाही, तशी उंच नव्हती. पण भराभर चालायची ना, म्हणून वाटायची."

"बरा. मगे?"

"तिला पोहता येत नव्हतं. तरी रोज समुद्रात गुडघ्यापर्यंत जायची आणि मला म्हणायची, बघ, मी निम्मी पोहले!"

शेवंती हसली. दूर आगबोटीचा भोंगा वाजला. आत सामान बांधायची धावपळ सुरू झाली, काका पुन्हा कोणाला तरी काहीतरी कळवायला विसरले, बोटीपर्यंत नेणारे पडाववाले किनाऱ्यावरून हाका मारू लागले. सिपोरा पायरीवर बसून बोलत होती. आई गाणं म्हणताना शब्द विसरायची आणि स्वतःचे घालायची. आईला विजांची भीती वाटायची. आई मासे विकत घेताना कोळणीशी भांडायची आणि मग तिलाच घरी चहाला बोलवायची. तिचे डोळे कोरडेच होते, पण आवाज आता तिचा तिला ऐकू येत होता.

"मगे?" शेवंती म्हणाली. "सांग. माका खंय घाई नाय."